पडण्याचं कारण

महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक, अगदी लहान आहे. युद्ध कधीचं संपलेलं, श्रीकृष्ण गेलेला, द्वारका बुडालेली, राज्य परीक्षितावर सोपवलेलं. पाच पांडव, द्रौपदी आणि आपणहून मागे लागलेला एक कुत्रा अशी सात जणांची रांग हिमालय ओलांडून मेरूच्या दिशेनं निघाली आहे. वाटेत द्रौपदी पडते. भीम विचारतो, हिनं कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, हिचा ओढा अर्जुनाकडे जास्त होता. तिच्याकडे न बघता तो पुढे चालू लागतो. मग सहदेव पडतो. त्याला वाटायचं की आपल्याएवढं शहाणं कोणी नाही. नकुलाला रूपाचा गर्व. अर्जुन एका दिवसात सगळे शत्रू जाळीन म्हणाला होता, ते त्यानं केलं नाही. शेवटी भीम पडतो आणि पडल्या पडल्या हाक मारतो: राजा, माझ्याकडे बघ, तुझा लाडका मी पडलोय, का पडलो तेवढं सांग. युधिष्ठिर त्यालाही कारण सांगतो, तू फार खात होतास आणि आपल्या बळाच्या बढाया मारत होतास. आणि चालू लागतो.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. या पर्वाचा रूढ अर्थ असा की उरलेसुरले दोष माणसाला वाटेत गाठतात, निर्दोष तेवढा सदेह पोहोचतो. तो अर्थ काही चुकीचा नाही. पण निवृत्तीनंतर मी सह्याद्रीत नेमानं चालू लागले, आणि आमच्या लहानशा गटानं माझ्याकडे पिछाडी दिली. सगळ्यात शेवटी चालायचं, माझ्या मागे कोणी उरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ते करू लागल्यापासून हे पर्व मला वेगळं ऐकू येतं. युधिष्ठिराची ती वाक्यं मला दर ट्रेकला ऐकू येतात, फक्त मराठीत.

"शूज बघा कसले घातलेत." "रात्रभर बसमध्ये गाणी म्हणत बसला, झोपला नाही." "वजन केवढं वाढलंय, झेपत नाही तर यायचं कशाला?" "सांगितलं होतं ना, दोन लिटर पाणी घ्या म्हणून." कोणी घसाऱ्यावर बसकण मारली, कोणाला चढावर उलटी झाली, कोणाच्या पोटरीत गोळा आला की त्याच्या शेजारून जाणारे असं काहीतरी बोलतात आणि पुढे जातात. बोलणारे वाईट नसतात. त्यातले बरेचसे एरवी कोणासाठीही धावून जाणारे आहेत. शिवाय ते जे बोलतात ते बहुधा खरंच असतं. शूज खरंच गुळगुळीत झालेले असतात, झोप खरंच झालेली नसते.

अडचण नेमकी इथेच आहे. कारण खोटं असतं तर ते खोडून काढता आलं असतं. युधिष्ठिरही खोटं बोलत नाही. पण पडलेल्या माणसापाशी उच्चारलेलं खरं कारण त्या वेळी एक वेगळंच काम करतं: ते बोलणाऱ्याचे पाय मोकळे करतं. समोरचा का पडला हे एकदा कळलं की प्रश्न सुटल्यासारखं वाटतं. माणूस मात्र तिथेच बसलेला असतो.

हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून जाणारी वाट ज्यांनी पायाखाली घातली आहे त्यांना तोलार खिंडीनंतरचा भाग आठवेल. खिंडीतलं ते कोरलेलं वाघाचं शिल्प मागे टाकलं की रेलिंग लावलेला कातळटप्पा येतो, आणि तो चढून गेल्यावर आता पोहोचलोच असं वाटतं. पण पुढे पठार आहे. एक टेकडी उतरायची, दुसरी चढायची, मंदिर काही दिसत नाही. पावसाळी धुक्यात लोक इथे वाट चुकतात आणि उन्हात इथेच गळतात, कारण मनानं ते गडावर पोहोचलेले असतात आणि पाय अजून वाटेत असतात.

महाशिवरात्रीच्या सुमारास या गडावर गर्दी असते. अशाच एका वर्षी त्या पठारावर सुकलेल्या कारवीच्या जाळीशी एक मुलगा बसलेला दिसला. आमच्यातला नव्हता. त्याची माणसं पुढे गेली होती. मी येतो मागून, असं त्यानंच त्यांना सांगितलं होतं म्हणे. त्याच्या शेजारून माणसं जात होती, आणि प्रत्येक जण थोडं थांबून विचारत होता, काय झालं? उपास आहे, असं तो सांगायचा. मग पुढचं वाक्य ठरलेलं: उपास करून गड कशाला चढायचा? ते वाक्य म्हणून झालं की विचारणारा निघायचा. काही जण तर दर्शनाला चालले होते, गुहेत केदारेश्वराच्या पिंडीभोवतीच्या गार पाण्यात उतरायला. तोही तिकडेच निघाला होता.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत जाऊन बोलायला सांगितलं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला दोन धार्मिक माणसं ओलांडून जातात आणि एक परका शोमरोनी थांबतो. मधल्या बोळात एक माणूस कण्हत, वाकून बसवून ठेवला होता. कोण थांबतं हे बघायचं होतं. ज्यांना उशीर झाला आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के थांबले. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के थांबले. त्याच गोष्टीवर बोलायला निघाल्यानं थांबण्यात फारसा फरक पडला नाही. घाईनं पडला.

मला या आकड्यांत आपल्या वाटांचं दुखणं दिसतं. सूर्यास्ताच्या आत हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा गाठायचा असतो, बस चारला सुटणार असते, मागच्या गटाच्या आधी गुहेत जागा धरायची असते. घाई माणसाला निष्ठुर करते असं मी म्हणणार नाही. घाई त्याला कारण शोधायला लावते, आणि कारण सापडलं की निष्ठुर न होताही पुढे जाता येतं. तेच मला जास्त भयंकर वाटतं.

त्या मुलाला आम्ही मोठ्या खडकाच्या सावलीत हलवलं. मान, काखा ओल्या पंच्यानं पुसल्या. मी त्याला गाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. उत्तरं सरळ येत होती, अंगाला घाम होता. कातडी तापली असती आणि बोलणं भरकटायला लागलं असतं, तर तो उष्माघात, आणि मग एक क्षणही वाया घालवायचा नसतो. हे सगळ्यांनीच शिकून ठेवावं, पिछाडीवरच्यांनीच नव्हे. त्याला मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट दिलं. एकदम दिलं तर उलटून पडतं. आणि राजगिऱ्याची चिक्की काढली, कारण ती उपासाला चालते. "काकू, तुम्हाला उपास कळतो," असं म्हणून त्यानं ती खाल्ली. उपास करावा की नाही, केला तर किती कडक, यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. पण त्याच्या ओठांवर कोरड होती. त्याच्या उपासाचा विषय मी काढला नाही.

विनयपिटकात बुद्धाची एक कथा आहे, ती मला या संदर्भात सगळ्यात मोठी वाटते. विहारात एक भिक्खू अतिसारानं आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. बुद्ध आनंदाबरोबर फिरत तिथे येतात आणि विचारतात, तुझ्याकडे बघणारं कोणी नाही का? नाही, असं तो सांगतो. का नाही? आजारी भिक्खू स्वतःच कारण देतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत. म्हणजे इथे दोष शोधायला दुसरं कोणी लागलं नाही. आजाऱ्यानं स्वतःच तो उचलून समोर ठेवला. आणि बुद्ध त्या कारणाला हातही लावत नाहीत. बरोबर किंवा चूक काहीच म्हणत नाहीत. आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघं मिळून त्याला धुतात, एक डोक्याकडून आणि एक पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवतात. त्यानंतर संघाला बोलावून विचारपूस होते, आणि सांगणं असं की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांकडे बघितलं नाही तर कोण बघणार?

हा क्रम मी जपते. आधी पाणी. कारणाची चौकशी नंतर, आणि तीही उरलेल्यांची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आमच्याच गटातले एक गृहस्थ नेहमी सांगतात की प्रत्येकाचं कर्म प्रत्येकाला भोगावं लागतं, त्यात दुसऱ्यानं किती पडायचं? कर्मसिद्धांत मलाही मान्य आहे. पण तो मान्य केला तर माझंही कर्म आलं. एखादा त्याच्या कर्मानं पडला असेल, तर तो पडला त्या क्षणी त्याच्या मागून चालत येणारी मी, माझ्या पाठीवर पाण्याची बाटली, हेही कुठून तरी आलेलंच असणार. त्याच्या मागच्या हिशोबाचं मला काही दिसत नाही. माझा पुढचा हिशोब मात्र माझ्या समोर, खडकाला टेकून बसलेला असतो. कर्माचा सिद्धांत दुसऱ्याला लावायचा आणि आपण पुढे जायचं, असा त्याचा वापर कोणत्याही शास्त्रकारानं सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

दुसरा आक्षेप सामर्थ्याचा. उंच जागी स्वतःचा जीवच धोक्यात असतो, तिथे काय? 2006 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, साधारण 8,500 मीटरवर, डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक एका खडकाच्या आडोशाला बसून गारठून गेला. त्याच्या शेजारून चाळीसएक माणसं शिखराकडे गेली आणि परतली, असं सांगितलं जातं. काहींनी त्याला हलवायचा प्रयत्न केला, प्राणवायू दिला. तो वाचला नाही. त्यावर जगभर वाद झाला, एडमंड हिलरी फार कडक शब्दांत बोलले. मला त्या वादातली एकच गोष्ट बोचते. शार्प एकटा गेला होता, शेर्पा घेतला नव्हता, वायरलेस नव्हता, प्राणवायूच्या दोनच नळकांड्या होत्या, ही यादी किती लोकांनी किती तत्परतेनं पुढे केली. यादी खरी आहे. द्रौपदीची, नकुलाचीही खरीच होती.

त्याच महिन्यात, शार्पच्या मृत्यूला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्याच बाजूला आणखी उंचावर लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक जिवंत सापडला. आदल्या दिवशी त्याच्या सोबत्यांनी नाइलाजानं त्याला मृत समजून सोडलं होतं. डॅन मेझर, अँड्र्यू ब्रॅश, माइल्स ऑस्बॉर्न आणि जंगबू शेर्पा शिखराकडे निघाले होते, ते थांबले. त्याला प्राणवायू, पाणी, खाऊ दिला, खालून शेर्पा येईपर्यंत त्याच्यापाशी राहिले. त्या दिवशी त्यांचं शिखर राहिलं. हॉल खाली आला आणि जगला.

या दोन प्रसंगांवरून शार्पजवळून गेलेल्यांना दोषी ठरवणं मला पटत नाही. त्या उंचीवर बुद्धी कशी चालते हे मला इथे पुण्यात बसून काय कळणार? शार्प हलण्याच्या अवस्थेत नव्हता, हॉल होता, हाही फरक मोठा आहे. सुटकेचं काम करणारे आमचे सह्याद्रीतले स्वयंसेवकही पहिला धडा हाच देतात की आधी स्वतः सुरक्षित राहा, नाहीतर एकाच्या जागी दोघांना उचलावं लागतं. पुढे जावंच लागेल अशी वेळ येऊ शकते. युधिष्ठिरावरही आली असेल. मृतांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं, जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही, असं तो नंतर इंद्राला सांगतो. पण व्यासांनी भीमाला पडल्यावर बोलतं ठेवलं आहे. माझ्याकडे बघ, एवढंच तो मागतो. थांब म्हणत नाही, उचल म्हणत नाही. चालणं भाग असेल तर चालावं. बघता मात्र येतं.

कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शेवटपर्यंत बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून मी स्वर्गाच्या रथात बसणार नाही, असं युधिष्ठिर इंद्राला बजावतो. एकनाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं, तीही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. दोन्हींवर माझी श्रद्धा आहे. पण वाटेवर मी एक बघते. पायथ्याच्या गावातला कुत्रा ट्रेकच्या मागे येतोच. त्याला बिस्किट मिळतं, बाटलीच्या झाकणातून पाणी मिळतं, कातळटप्प्यावर त्याला उचलून घेणारेही असतात. तीच माणसं मागे रखडणाऱ्या सहकाऱ्यावर चिडतात. प्राण्याचा दोष आपल्याला काढता येत नाही. त्यानं शूज चुकीचे घातले नाहीत, रात्री जागरण केलं नाही. म्हणून त्याच्यावर दया करणं सोपं जातं. ज्याच्या पडण्याचं कारण आपल्याला पक्कं माहीत आहे त्याच्यापाशी थांबणं ही पुढची पायरी, आणि युधिष्ठिराला ती कुत्र्यानंतरच चढावी लागते.

ती अठराव्या पर्वात आहे. स्वर्गात त्याला दुर्योधन दिसतो, भाऊ दिसत नाहीत. देवदूत त्याला एका घाणेरड्या, अंधाऱ्या वाटेनं नेतो. दुर्गंधी असह्य होऊन तो परत फिरतो, तेवढ्यात आवाज येतात: घटकाभर थांब, तुझ्यामुळे येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. कोण तुम्ही? कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. कर्ण सोडला तर, ज्या माणसांच्या पडण्याची कारणं त्यानं डोंगरात एकामागून एक सांगितली होती, तीच माणसं. आणि इथे तो म्हणतो की यांनी कोणतं पाप केलं असेल ते मला ठाऊक नाही. देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो, माझ्या असण्यानं यांना बरं वाटतंय. काही करण्यासारखं तिथेही त्याच्याजवळ नव्हतं. तो फक्त थांबला. ती सगळी माया होती, परीक्षा होती, हे पुढे उघड होतं, पण थांबताना त्याला ते माहीत नव्हतं.

हे दोन प्रसंग कोणी एकमेकांसमोर ठेवून शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

मोठ्या गोष्टी सोडून वाटेवरचं बोलते. पिछाडीवरून जे दिसतं ते पुढून दिसत नाही. पुढचे थकले की बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा धापा टाकत तिथवर पोहोचतो, आणि तो आला हे बघून पुढचे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याला ती कधीच मिळत नाही. यात कोणाचाही दुष्टावा नाही. नियमच तसा पडून गेला आहे. मग तो दिवसभर मागे राहतो, आणि संध्याकाळी सगळे म्हणतात, याचा दम कमी.

तसंच विचारण्याचं. "बरं आहे ना?" असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो, बायका तर हमखास. म्हणून मी तसं विचारत नाही. शेवटचं काय खाल्लं, कधी खाल्लं, आणि बायकांना बाजूला घेऊन, लघवीला कधी गेलात, असं विचारते. आडोसा मिळणार नाही या धास्तीनं कितीतरी बायका आणि मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून बसतात. त्यांनाही वरून ऐकावं लागतं की पाणी कमी प्यायलीस. आडोसा शोधून देणं, दुपट्टा धरून उभं राहणं, पुढच्या पुरुषमंडळींना दहा मिनिटं पलीकडे पाठवणं, हे काम कोणीतरी आपलं मानलं की पुष्कळशी डोकेदुखी होतच नाही.

कारणांचीही वेळ असते. गुळगुळीत शूज घालून येणाऱ्याला कोणी काहीच बोललं नाही, तर पुढच्या खेपेला तो दुसऱ्या कोणाला तरी आपल्याबरोबर खाली ओढेल. पावसाळ्यात धबधब्यांवर जे चालतं त्याचा भार गावातल्या पोरांवर आणि स्वयंसेवकांवर पडतो, मध्यरात्री दोर घेऊन त्यांनाच निघावं लागतं. ते बोललंच पाहिजे, कठोरपणे बोललं पाहिजे. पण ते गावात उतरल्यावर, ताट समोर आल्यावर. उपासाच्या त्या मुलाशी दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या पाचनईत बोलणं झालं. मी काही विचारलं नव्हतं. रात्रपाळी करून थेट निघालो होतो, हे त्यानं आपणहून सांगितलं, आणि उपास असताना चढायचं तर बरोबर काय न्यावं हेही विचारलं. मी त्याला कागदावर लिहून दिलं: खजूर, राजगिरा, दाणे, साखर, सैंधव.

आमच्या गटात आता दोन गोष्टी ठरल्या आहेत. सगळ्यात हळू चालणारा पुढाऱ्याच्या लगेच मागे चालतो, आणि विश्रांती संपली हे पिछाडीचा माणूस सांगतो. पहिल्यांदा कुरकुर झाली, कोकणकड्यावरचा सूर्यास्त हुकतो म्हणून. खरोखरच हुकत होता. मग आम्ही खिरेश्वरहून निघायची वेळ तासभर अलीकडे आणली.